सेकंड स्टेज दुरुस्त केली तरी परत गळते? आधी आयपी मोजा

तक्रार दरवर्षी तीच असते. पावसाळा सरतो, ऑक्टोबरात मालवण-तारकर्लीच्या बोटी परत पाण्यात उतरतात आणि पहिल्या आठवड्यातच कुणीतरी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा डायव्हरच्या तोंडापर्यंत आणणारं स्कूबाचं यंत्र, हातात आणून देतो. "दादानु, ह्यो परत फुसफुसता हा." डाइव्ह सेंटरवरचा जाणता पोऱ्या सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचा, होज सोडतो, ऑरिफिस (हवा आत येण्याचं धारदार भोक) थोडं आवळतो, फुसफुस थांबते. आठ-दहा दिवसांनी तोच रेग, तीच फुसफुस, आणखी थोडं आवळणं. डिसेंबरची गर्दी येईपर्यंत त्यातून श्वास ओढायला जोर लागू लागतो. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला पर्यटक हातवारे करतो की दम लागतोय, आणि सगळे म्हणतात, घाबरलाय. कधी तो खरंच घाबरलेला असतो. पण बऱ्याचदा त्याचं म्हणणं बरोबर असतं, रेगच घट्ट झालेला असतो.

हा लेख त्या परत परत येणाऱ्या गळतीबद्दल आहे. रेग हे जिवाशी गाठ असलेलं यंत्र आहे. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, उघडायची तर त्या मॉडेलचं प्रशिक्षण, सर्व्हिस मॅन्युअल आणि कंपनीचा किट हे तिन्ही हवंच. मात्र दोष नेमका कुठे आहे हे शोधायला काहीच उघडावं लागत नाही. आयपी गेज (होजमधला दाब दाखवणारं), भरलेला सिलिंडर आणि पाण्याची बादली एवढ्यावर भागतं. निम्म्याहून जास्त चुकीच्या दुरुस्त्या या शोधाच्या पायरीला फाटा दिल्यामुळे होतात.

गळती दिसते एका ठिकाणी, दोष असतो दुसरीकडे

सिलिंडरमधली हवा 200 बारची. फर्स्ट स्टेज ती भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त, म्हणजे 130 ते 145 पीएसआयवर आणून होजमध्ये सोडते. हाच आयपी, इंटरमीडिएट प्रेशर. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. सेकंड स्टेजमध्ये एक छोटी रबरी सीट स्प्रिंगच्या जोरावर ऑरिफिसच्या धारेवर दाबलेली असते. तुम्ही श्वास ओढता, डायफ्राम (लवचीक पडदा) आत येतो, लिव्हर दाबतो, सीट धारेवरून सुटते आणि हवा येते.

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सेकंड स्टेज डाउनस्ट्रीम पद्धतीच्या असतात. होजमधला दाब झडप उघडायच्या दिशेने ढकलतो आणि स्प्रिंग तिला बंद धरते. ही रचना मुद्दाम केलेली आहे. फर्स्ट स्टेज बिघडून दाब चढलाच, तर होज फुटायच्या आधी सेकंड स्टेजने हवा सोडून द्यावी, म्हणून. आयपी ठरल्यापेक्षा बार-दीड बार वर गेला की स्प्रिंगला तो धरवत नाही आणि तोंडाशी बुडबुडे सुरू होतात. अशा वेळी सेकंड स्टेज तिचं काम चोख करत असते. तिलाच आवळणं म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीवर वजन ठेवण्यासारखं आहे.

याला आयपी क्रीप म्हणतात. दाब ठरल्या जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो. दुसरी शक्यता अशी की आयपी ठीक आहे आणि सेकंड स्टेजची सीट, धार किंवा लिव्हर यांपैकी काहीतरी बिघडलंय. दोन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच, पण उपाय अगदी वेगळे. म्हणून पान्याला हात लावायच्या आधी गेज.

गेज लावण्याआधी फक्त ऐका

गेज शोधेपर्यंत पाच मिनिटं कान देऊन बसलात तरी बरंच कळतं. रेग सिलिंडरला लावा, हवा उघडा आणि सेकंड स्टेज माउथपीस खाली करून टेबलावर ठेवा.

उघडल्या क्षणापासून एकसारखी बारीक सूं चालू असेल आणि पर्ज (सेकंड स्टेजच्या पुढचं हवा सोडायचं बटण) दाबून सोडल्यावरही तशीच राहत असेल, तर संशय सेकंड स्टेजवर. पण सुरुवातीला शांत, मग मिनिट-दोन मिनिटांनी फुसफुस, पर्ज दाबला की परत शांत, थोड्या वेळाने परत फुसफुस, अशी लय असेल तर दोष बहुधा फर्स्ट स्टेजचा. पर्ज दाबल्याने होजमधला चढलेला दाब उतरतो. तो परत चढेपर्यंत शांतता असते.

दुसरी खूण यापेक्षाही बोलकी. मुख्य सेकंड स्टेज आवळून गप्प केली आणि लगेच ऑक्टोपस, म्हणजे जोडीची राखीव सेकंड स्टेज, गळू लागला, तर दोन्ही एकदम बिघडल्या असं समजू नका. चढलेला दाब जिथून सोपं जाईल तिथून वाट काढतो. मुख्य सेकंड स्टेज हलकी लावलेली असते म्हणून आधी ती गळते. ती बंद केली की नंबर ऑक्टोपसचा. असे रेग मी बघितलेत की ज्यांची मुख्य आणि ऑक्टोपस आळीपाळीने आवळत अख्खा सीझन काढला गेला आणि शेवटी दोन्हींमधून श्वास घेणं म्हणजे शिक्षा झाली.

तिसरी खूण साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनच्या फर्स्ट स्टेजची. भाड्याच्या सामानात हीच जास्त, कारण मजबूत आणि स्वस्त. सकाळी भरलेल्या सिलिंडरवर गळते, दुपारी अर्ध्या सिलिंडरवर गळत नाही. अशा फर्स्ट स्टेजचा आयपी सिलिंडरच्या दाबाबरोबर बदलतो. भरलेल्यावर जास्त, रिकामा होत आला की कमी, आणि फरक एक ते दोन बारपर्यंत जाऊ शकतो. कुणीतरी संध्याकाळी, दिवसभर वापरलेल्या सिलिंडरवर सेकंड स्टेज ट्यून केलेली असते. तिथे ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी 200 बार लावले की बोंब. यात काहीच मोडलेलं नाही, ट्यूनिंग भरलेल्या सिलिंडरवर करा म्हणजे झालं.

आता गेज

आयपी गेज म्हणजे साधं 0 ते 20 बारच्या आसपासचं गेज, ज्याला बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला बसेल असा निपल असतो. शक्यतो सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलं घ्या. चाचणीच्या वेळी किमान एक डाउनस्ट्रीम सेकंड स्टेज जोडलेली असू द्या, म्हणजे दाब भडकलाच तर निघायला वाट राहील. गेज आधी जोडा, सिलिंडर मग उघडा, तोही हळू. गेजची काच आणि एसपीजीची (सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजची) काच कुणाच्याच तोंडाकडे नको.

सिलिंडर भरलेला हवा, हे परत सांगतो. क्रीप बहुतेक वेळा 200 बारला दिसते आणि 60-70 बारला लपते. दिवसअखेरच्या उरलेल्या सिलिंडरवर "चेक केला, ओके आहे" म्हणून परत बोटीवर गेलेल्या रेगांची संख्या कमी नाही.

उघडल्यावर काटा चढतो आणि थांबतो. पाच-सहा वेळा पर्ज दाबा, दर वेळी काटा खाली पडून झटकन परत आला पाहिजे. मग हात लावू नका, बघत राहा. चांगली सीट असेल तर काटा येतो आणि टक्क थांबतो. नवीन बसवलेल्या सीटवर पहिल्या काही सेकंदांत काटा केसभर, म्हणजे पाव-तीन दशांश बार सरकून थांबत असेल तर घाबरायचं कारण नाही, ती अजून धारेवर बसतेय. काटा न थांबता रांगत राहिला, मिनिटाने आणखी वर, दोन मिनिटांनी आणखी वर, तर क्रीप आहे, आणि त्या रेगची सेकंड स्टेज उघडायची काहीच गरज नाही.

घाईत ही चाचणी पंधरा सेकंदांत उरकतात. तेवढ्यात मंद क्रीप दिसतच नाही. निदान पाच मिनिटं काटा बघा. संशय असेल तर रेग सिलिंडरला लावलेला ठेवून चहा पिऊन या.

तिसरं एक चित्र दिसू शकतं. पर्ज दाबल्यावर काटा खूप खाली कोसळतो आणि सावकाश वर येतो. ही क्रीप नव्हे, हवेची वाट तुंबली आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय ना ते आधी पाहा, मग फिल्टरकडे वळा.

काटा स्थिर असेल तर: सेकंड स्टेज

आयपी ठीक, काटा दगडासारखा स्थिर, तरी गळतंय. मग दोष खरोखर सेकंड स्टेजचा, आणि ऑक्टोबरातल्या गळतीचं खरं उत्तर बहुतेक इथेच असतं.

रेग बंद करून टांगला की फर्स्ट स्टेजची सीट मोकळी होते, कारण दाब नसताना तिथली स्प्रिंग झडप उघडी धरते. सेकंड स्टेजचं नेमकं उलट. दाब नसला तरी तिची स्प्रिंग मऊ सीट धारदार ऑरिफिसवर दाबूनच असते, आणि समोरून ढकलणारी हवा नसल्यामुळे जास्तच जोराने. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने, दमट खोलीत, अशी दाबलेली सीट धारेचा ठसा घेते. सीझन सुरू झाला की त्या खोल गोल खाचेत सीट जराशी हलून बसली, मीठाचा कण आला की गळती. ऑरिफिस आवळलं की धार त्याच खाचेत आणखी खोल जाते. काही दिवस थांबते, मग परत. आवळण्याला अंत नसतो. सीट बदलायची असते.

पण सीट बदलायच्या आधी एक फुकटची चाचणी. हवा चालू ठेवून पुढचं कव्हर सैल करा, म्हणजे डायफ्राम लिव्हरपासून थोडा दूर जाईल. गळती थांबली? मग लिव्हर उंच आहे. तो कायम डायफ्रामला टेकून झडप किंचित उघडी धरतोय. सीट निर्दोष आहे, लिव्हरची उंची मॅन्युअलप्रमाणे करा. कव्हर सैल करूनही गळत असेल तर सीट किंवा ऑरिफिस.

हवा बंद करून, दाब पूर्ण काढून सीट बाहेर काढा आणि उजेडात तिरकी धरा. ठसा एकसारखा, उथळ गोल असेल तर निव्वळ झिजली आहे. ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर झडप तिरकी बसतेय, पॉपेटची (सीट धरणाऱ्या झडपेच्या तुकड्याची) दांडी किंवा लिव्हरचे पाय वाकलेले आहेत का ते पाहा. ठशावर आडवी बारीक रेघ दिसली, तर थांबा. ती रेघ सीटवर आपोआप येत नाही. ती ऑरिफिसच्या धारेवरच्या टवक्याची छाप असते. दहापट भिंग लावून ऑरिफिस टॉर्चच्या उजेडात फिरवत बघा, टवका एका ठिकाणी चमकतो. अशा ऑरिफिसवर नवीन सीट टाकली की पंधरा दिवस छान चालते आणि मग त्याच जागी परत चिरते. "किट नवीन टाकला तरी गळतो, किटच डुप्लिकेट असणार" ही तक्रार आली की मी आधी ऑरिफिस मागतो. हा टवका येतो कुठून? बहुधा ऑरिफिस काढताना आत घातलेल्या स्टीलच्या सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने. ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लास्टिकचा हूक वापरा.

नवीन सीट बसवून ट्यून करताना ऑरिफिस फिरवायचं तर लिव्हर किंवा पर्ज दाबून ठेवा, म्हणजे सीट धारेपासून लांब राहील. न दाबता फिरवलं तर धार नव्या सीटला गोल कापत जाते. भरलेल्या सिलिंडरवर, गळती जिथे थांबते तिथपासून साधारण एक-अष्टमांश फेरा पुढे, एवढंच. पाव फेरा नाही. सीट ठसा घेईपर्यंत चोवीस तास जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

मग बादली. सेकंड स्टेज माउथपीस वर करून, आडवी, हळूहळू पाण्यात उतरवा. व्हेंचुरी लिव्हर (हवेचा झोत कमी-जास्त करणारा बाहेरचा खटका) असेल तर वजाकडे ठेवा. डायफ्राम पाण्याच्या पातळीखाली किती गेल्यावर हवा सुटते ते अंतर म्हणजे क्रॅकिंग एफर्ट. अडीच ते चार सेंटीमीटरच्या आत हवा सुटली तर श्वास हलका. ऑक्टोपस त्याहून थोडा जड असलेला चालतो, नाहीतर बोटीवरून उडी मारताच तो भडाभडा सुटेल. सहा-सात सेंटीमीटर लागत असतील तर तो रेग कुणाला तरी घाबरवणार हे नक्की.

काटा रांगत असेल तर: फर्स्ट स्टेज

इथून पुढचं काम प्रशिक्षित माणसाचं. पण सामान ज्याचं आहे त्याला काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं, कारण "सर्व्हिस करून आणला" या तीन शब्दांत काहीही मावतं.

क्रीपचं नेहमीचं कारण एचपी (हाय प्रेशर) सीट. तिच्यावर पिस्टनची किंवा क्राउनची (डायफ्राम प्रकारातल्या हवेच्या भोकाभोवतीच्या कडेची) धार 200 बारच्या हवेविरुद्ध दिवसातून हजारो वेळा आपटते. सीट किटमध्ये येते, बदलता येते. धार किटमध्ये येत नाही. पिस्टनची धार टवकलेली असेल तर पिस्टन बदलावा लागतो. डायफ्राम प्रकारात क्राउन सुटा असेल तर बदलतो, बॉडीतच कोरलेला असेल तर बॉडीच गेली. म्हणून सीट बदलून आणूनही महिन्याभरात क्रीप परत आली, तर मेकॅनिकला विचारायचा प्रश्न एकच: धार भिंगाखाली पाहिली का?

बॅलन्स्ड डायफ्राम फर्स्ट स्टेजमध्ये आणखी एक चोर दडलेला असतो. एचपी पॉपेटची दांडी मागच्या बाजूला एका बारीक ओ-रिंगमधून सरकते. त्या ओ-रिंगच्या एका अंगाला सिलिंडरचा दाब, दुसऱ्या अंगाला आयपी. ती झिजली की 200 बारची हवा झिरपत आयपीच्या बाजूला जाते आणि काटा रांगतो, सीट अगदी कोरी असली तरी. सीट दोनदा बदलून झाली, धार चकचकीत आहे, तरी क्रीप आहे, तर संशय इथे. ओ-रिंग इतकी लहान असते की जुनी काढताना दिसत नाही म्हणून तशीच राहून जाते.

पिस्टन प्रकारात शाफ्टवरची एचपी ओ-रिंग गेली तर हवा आयपीमध्ये जात नाही, स्प्रिंगच्या खोलीत जाते आणि बॉडीच्या बाजूच्या भोकांतून बुडबुडे येतात. पाण्यात बुडवलं की लगेच दिसतं. डायफ्राम प्रकारात फर्स्ट स्टेजच्या टोकाशी, समुद्राचं पाणी जिथे भिडतं तिथून बुडबुडे आले तर मुख्य डायफ्राम सैल किंवा फाटका. या गळत्यांची आणि तोंडाशी येणाऱ्या फुसफुशीची गल्लत करू नका.

आयपी स्थिर आहे पण 11 बारवर स्थिर आहे, असंही सापडतं. तिथे काही झिजलेलं नाही, कुणीतरी ॲलन कीने स्प्रिंग जास्त कसली आहे. अर्ध्या-पाव फेऱ्यात काम होतं. पण रांगणारा काटा ॲलन कीने खाली आणणं हा शुद्ध फसवेपणा आहे. 8 बारवरून रांगायला सुरुवात होईल आणि 10 पर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढाच फरक.

फिल्टर वाचा

फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी सिंटर्ड, म्हणजे बारीक कण भाजून घट्ट केलेला, कांस्याचा फिल्टर असतो. डस्ट कॅप काढून टॉर्च मारली की दिसतो. स्वच्छ असेल तर त्याच्यावर धातूची चमक असते. हिरवट झाला असेल तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस तपकिरी असेल तर स्टीलच्या सिलिंडरच्या आतला गंज. काळपट, तेलकट दिसला तर कंप्रेसरच्या फिल्टरकडे धावा, कारण ती हवा माणसं ओढतायत. राखाडी-पांढरी पूड ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची.

आपल्या किनाऱ्यावर हिरवा सगळ्यात जास्त दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोटीवर एकामागून एक पर्यटक पाण्यात उतरवायचे असतात, सिलिंडर भराभर बदलावा लागतो. व्हॉल्व्हच्या तोंडात लाटेचा एक शिंतोडा बसलेला असतो, वरून रेग चढवला आणि हवा उघडली की तो थेंब 200 बारच्या धक्क्याने सरळ सीटवर. रेग लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून फुंकर मारली की हे टळतं. एका सेकंदाचं काम आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत. डस्ट कॅप ओली असेल तर फडक्याने पुसा. सिलिंडरच्या हवेने ती उडवताना पाणी शेजारच्या फिल्टरवरच मारलं जातं.

दुसरी वाट संध्याकाळच्या धुण्याची. रेग गोड्या पाण्याच्या टबात टाकायचा आणि माती निघावी म्हणून पर्ज दाबायचा. दाब नसताना पर्ज दाबला की सेकंड स्टेजची झडप उघडते आणि पाणी होजमधून वर फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. पर्ज दाबायचाच असेल तर रेग सिलिंडरवर चढवून, हवा चालू ठेवून धुवा. मीठ विरघळायला वेळ लागतो, नळाखाली दोन मिनिटं धरणं म्हणजे धुणं नव्हे. टबातलं पाणी दिवसभर तेच असेल तर संध्याकाळी तोही समुद्रच झालेला असतो.

आत मीठ आणि हिरवा थर असेल तर सुटे धातूचे भाग अर्ध्या पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटं किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये घालतात, मग भरपूर गोडं पाणी. रात्रभर भिजत ठेवू नका, क्रोम सुटतो. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालूच नका. वंगण म्हणून ऑक्सिजनला चालणारं, ख्रिस्टो-ल्यूबसारखं ग्रीस, तेही ओ-रिंगला नुसती चमक येईल एवढंच. सिलिकॉन ग्रीस सिलिकॉनच्याच भागांना लावलं तर ते फुगतात. मोटरसायकलचं ग्रीस, डब्ल्यूडी-40 यांचं नाव काढू नका. खोबरेल तेल लावलेल्या ओ-रिंगा मी पाहिल्यात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

किटसाठी थांबायचं की लोकल टाकायचं?

किट बाहेरून येतात, सीझनमध्ये वेळेवर येत नाहीत, आणि मग "नागदेवीला (मुंबईच्या हार्डवेअर बाजारात) मिळते का बघ" सुरू होतं. माझं मत सांगतो. स्थिर ओ-रिंगा, म्हणजे ज्या हलत नाहीत, त्या प्रमाणित मापाच्या असतात. एलपी (लो प्रेशर) होजच्या पोर्टची 011, एचपी पोर्टची 012, सिलिंडरच्या योक (रेग कसायची चौकट) व्हॉल्व्हची 014 आणि ती 90 ड्युरोची, म्हणजे कडक. चांगल्या दर्जाच्या नायट्राइलच्या या ओ-रिंगा बाजारातून घेऊन डबीत भरून ठेवायला हरकत नाही. बोटीवरची निम्मी आरडाओरड योकच्या त्या 014 मुळेच असते. पण सीट, पॉपेट, डायफ्राम आणि हलणाऱ्या ओ-रिंगा त्या मॉडेलच्या किटमधल्याच. उलटी करून बसवलेली जुनी सीट, पॉलिश पेपरवर घासून सपाट केलेली सीट, हे सगळं मिळतं. काटा पाच मिनिटं स्थिरही राहतो. सहाव्या मिनिटाची खात्री नाही. किट येईपर्यंत तो रेग खुंटीवर.

जे दोष नाहीत, पण दोष वाटतात

माउथपीस वर असलेला रेग पाण्यात पडला की सुटतो. माउथपीस खाली वळवा, थांबेल. व्हेंचुरी लिव्हर अधिककडे ठेवून उडी मारली तरी तेच. हे बिघाड नाहीत.

श्वासाबरोबर पाण्याचे थेंब येणं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा आयपीशी संबंध नाही. डस्ट कॅप लावलेली असताना, सिलिंडर न जोडता, माउथपीसमधून हलकेच ओढा. ओढ टिकली पाहिजे. हवा येत असेल तर एक्झॉस्टच्या पातळ झडपेखाली तारकर्लीची वाळू, डायफ्रामला भोक, किंवा कुणीतरी चावून फाडलेला माउथपीस. झिप टायच्या खालची चीर बाहेरून दिसत नाही, माउथपीस वाकवून बघावी लागते.

युरोपातल्या थंड तलावांत डाइव्ह करणारे आपले लोक विचारतात, तिथे रेग अचानक भसाभसा का सुटतो. पसरणारी हवा थंड होते, भोवतालचं पाणी आधीच चार-पाच अंशांवर, फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरतो आणि झडप उघडी अडकते. मालवणच्या पाण्यात हे होत नाही. इथे कुणी फ्रीझ झाला असं सांगितलं तर गेज लावा.

पावसाळ्यात ठेवताना

सीझन संपला की शेवटचं धुणं दाबाखाली, टबात निदान तासभर भिजवून. सावलीत पूर्ण कोरडा करा. ज्या सेकंड स्टेजला बाहेरून फिरवायचा नॉब असतो तो डावीकडे पूर्ण सैल सोडा, सीटवरचा भार तेवढा हलका होतो. काही मॉडेलना ठेवणीत सीट धारेपासून दूर धरायची सोय असते, ती वापरा. होज तीक्ष्ण कोनात वाकवून खुंटीवर अडकवू नका, मोठ्या वेटोळ्यात आडवा ठेवा. होज प्रोटेक्टर मागे सारून खाली बघा, होजच्या टोकावरच्या पितळी कडीचा (फेरूलचा) हिरवा थर तिथेच लपलेला असतो. विणलेल्या होजच्या बाबतीत जास्त सावध राहा. उष्ण दमट हवेत काहींचं आतलं अस्तर खराब होऊन त्याचे कण सेकंड स्टेजकडे सुटल्याचं डॅनने (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी संस्था) नोंदवलं आहे. जुने झाले की बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदला.

आणि बंद डबा वापरा. कोकणात झुरळं सिलिकॉन कुरतडतात. ऑक्टोबरात एक्झॉस्टची झडप अर्धी खाल्लेली सापडली तर मेकॅनिकवर ओरडू नका.

ठेवताना प्रत्येक फर्स्ट स्टेजला एक चिठ्ठी बांधा: आयपी किती, सिलिंडर किती बार होता, पाच मिनिटांनी काटा कुठे होता, मुख्य आणि ऑक्टोपस किती सेंटीमीटरला सुटले, तारीख. सीझन उघडायच्या पंधरा दिवस आधी तीच चाचणी परत करा आणि आकडे शेजारी लिहा. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा तपासणी आणि ठराविक काळाने किंवा ठराविक डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिस सांगतात. भाड्याचा रेग डाइव्हचा आकडा फार लवकर गाठतो, त्यामुळे त्याच्यासाठी तारखेपेक्षा चिठ्ठीच बघा. मेमध्ये 9.5 ला थांबणारा काटा सप्टेंबरच्या शेवटी 9.5 वरून 10.2 ला सरकत असेल, तर किट तेव्हाच मागवा. नोव्हेंबरात तो येईपर्यंत तुमच्याकडे चालू रेग एक कमी असेल आणि बोटीवर माणसं पूर्ण.